दाराबाहेरची मराठी

फरीदाबादच्या नव्या सेक्टरांत घरं भराभर उठत होती, त्या वर्षांत मी तिथल्या एका इस्पितळाच्या मानसोपचार विभागात समाजसेविका होते. कुणाचं डोकं फिरलंय असा फोन आला की पोलीस जायचे आणि त्या माणसाला दोरीने बांधून आमच्या व्हरांड्यात आणून टाकायचे. एकदा मी ठाण्यावर जाऊन इन्स्पेक्टरसाहेबांशी कडाकडा भांडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो आप साथ चला कीजिए, मैडम."

झाली पंचाईत! पण गेले. नियम मीच घातला: लाठ्या जीपमध्ये राहतील आणि दाराशी बोलेन ती मी. त्यानंतर वर्षभर कुणालाही दोर लागला नाही, याचा मला गर्व होता. गर्वच म्हणते, अभिमान फार सभ्य शब्द झाला.

त्या दुपारचा फोन एका मराठी घरातून आला होता. नवरा कारखान्यात इंजिनिअर. परदेशी भागीदार आला, नवी यंत्रं आली आणि याचा विभागच बंद झाला. सहा महिने तो घरी बसून होता. त्या दिवशी सकाळपासून सुरी घेऊन आतल्या खोलीत कडी लावून बसला होता. घर तिसऱ्या मजल्यावर.

बायको जिन्यातच भेटली. मी मराठी आहे हे कळताच तिला रडू फुटलं. "ह्यांना आवाज ऐकू येतात हो. कारखान्यातली आपली मराठी माणसं भिंतीआडून बोलतात, म्हणतात. हल्ली हे घरातही हिंदीच बोलतात. मी मराठीत काही म्हटलं की कानांवर हात ठेवतात."

मी वहीत लिहून घेतलं: घरी हिंदी बोलतो. आणि मनात म्हटलं, दिल्लीकडे कुणाचं घर यातून सुटलंय! माझ्या स्वतःच्या मुलाला वेलदोडा म्हणजे काय ते कळत नसे.

मी वर पोचले तर एक वयस्क हवालदार माझा नियम मोडून दाराशी उकिडवा बसलेला. हातात शेजाऱ्यांनी दिलेला चहाचा कप. "बाबूजी, चा पी ल्यो. ठंडी हो री सै."

आतून थकलेला आवाज आला, "चीनी कितनी है?"

"दो चम्मच."

कडी अर्धी सरकली. मी माझ्या कानांनी ऐकलं.

तेव्हा मी तोंड मिटून उभं राहायला हवं होतं. पण बोलणार मी, हा नियम ना! मी हवालदाराला बाजूला केलं. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाऊसात जेवायला गेलं आणि शेजारच्या टेबलावरून मराठी कानावर पडलं की माझं काळीज सुपाएवढं व्हायचं. यालाही तसंच होईल, हे मी धरूनच चालले. दाराला तोंड लावून अगदी मायेने म्हटलं, "अहो, घाबरू नका. मी आपल्यातलीच आहे. दार उघडा."

कडी परत बसली.

"आ गए," तो आत स्वतःशीच म्हणाला. "बाहर भी आ गए."

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी बोलतच राहिले, आणखी गोड, आणखी मराठी. मग मागच्या बाल्कनीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि खालून बायका ओरडल्या.

इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला होता. समजावण्याचे सर्व प्रयत्न केले, असं इन्स्पेक्टरसाहेबांनी कागदावर लिहिलं. मला म्हणाले, "आपकी कोई गलती नहीं." हवालदाराने तो कप शेजाऱ्यांना परत नेऊन दिला.

तेरावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "शेवटी ह्यांच्याशी काय बोललात?"

मी शब्दन् शब्द सांगितलं.

"मराठीत?"

"हो."

ती उठली, बाहेरचं दार उघडून उभी राहिली आणि मला म्हणाली, "अब आप जाइए."