टेलरबाईंचा रेसट्रॅक

टेलरबाईंना मोटारींच्या शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रविवारी दुपारी टीव्हीवर शर्यत लागली की त्या शिलाई मशीनवरून विचारायच्या, "निघाले तिथंच परत यायचं होतं, तर गेले कशाला म्हणते मी?" आणि पेंटर, म्हणजे त्यांचे यजमान, टीव्हीवरची नजर न हलवता म्हणायचे, "तू आपली काजं कर." मग जी जुंपायची ती शर्यत संपली तरी संपायची नाही. पेंटर रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचं काम करायचे. दिवसभर उन्हात यंत्र ढकलायचं, बोलायला शेजारी कुणी नाही, त्यामुळे दिवसाचं साचलेलं सगळं बोलणं घरी आल्यावर बायकोवर. आल्यागेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, या दोघांचं पटत नाही. अहो, पटत होतं म्हणून तर भांडत होते!

मग पेंटरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन दारापर्यंत जाऊ लागले. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. जिभेला काही झालेलं नाही, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. तरी माणूस बोलेना. "हो", "नको", "ठेव तिथं", बस्स. शर्यत लागली की टीव्ही बंद. टेलरबाई मुद्दाम खोड्या काढायच्या, आमटीत मीठ जास्त घालायच्या, चष्मा लपवून ठेवायच्या. पेंटर खारट आमटी गपचूप गिळायचे आणि चष्म्यावाचून बसून राहायचे. हाताचं दुःख बाईंना होतंच, पण खरं विचाराल तर त्यांचा जीव कासावीस व्हायचा तो या गप्प बसण्यानं. मशीन थांबलं की घर खायला उठायचं.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. बोलायला गोड, कामाला खमकी. एकदा ती म्हणाली, "काका, डाव्या हातानं रेघा ओढा, उजव्यानं कागद धरून ठेवायचा प्रयत्न करा." पेंटरांनी पेन्सिल भिरकावली. ज्यानं उभा जन्म रेघा ओढण्यात घालवला, त्याला रेघा ओढायला सांगायचं! ती बिचारी तरी काय करणार, पिशवी उचलून गेली.

टेलरबाईंनी पेन्सिल शोधून काढली. कापड बेतायच्या टेबलावर खाकी कागद पसरला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं, पण पलंगापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज मी रेसचा ट्रॅक काढणार आहे."

हाताशी होती ती पट्टी त्यांनी घेतली, मुंढ्याला, म्हणजे काखेच्या गोलाईला, आकार द्यायची वाकडी पट्टी. एक लांब रेघ, मग झोकदार वळण, मग उतरत उतरत परत. बघणाऱ्यांना ऊन लागेल म्हणून त्यांना बसवलं मधोमध, झाडाखाली. त्यांना चहा न्यायला एक पायवाट, सरळ ट्रॅक ओलांडून. झालं! बाई स्वतःवर भलत्याच खूश. कागद उभा धरून त्यांनी तो पलंगाकडे फिरवला.

पेंटरांनी मान तिरकी करून बघितलं.

"ही बाही आहे," ते म्हणाले.

"काय?"

"शर्टाची बाही काढलीस तू. बाहीवर गाड्या पळवणार?"

एवढं लांबलचक बोलणं टेलरबाईंनी किती दिवसांनी ऐकलं होतं! पण बाई वस्ताद! आवाज चढवून म्हणाल्या, "बाही तर बाही! वळणं आहेत ना?"

"सरळ रस्ता संपतो तिथं एकदम एवढं वळण? ब्रेक कुठं मारायचा त्यानं, काखेत?"

"मग रस्ता रुंद करते."

"अगं, रुंद करून काय होणार? आण तो कागद इकडं!"

"मला कामं आहेत. तुम्हीच या."

आणि पेंटर तणतणत, काठी आपटत आले. डाव्या हातात खडू घेतला. कागद सारखी गुंडाळी होऊन मागं येत होता. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, मग डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि वजन ठेवावं तसा कागदावर ठेवला. टेलरबाई तोंड फिरवून सुईत दोरा ओवू लागल्या. नेढं काही दिसेना.

त्यानंतर रोज दुपारी ट्रॅक. कागदाला कागद चिकटत गेला. पेंटरांना वळणांच्या बाहेरून वाळू हवी होती, घसरलेली गाडी रुतून थांबावी म्हणून. बाई विचारायच्या, "झाडणार कोण?" चाकं बदलायची जागा कुठं, यावर तर असं वाजलं की एका गिऱ्हाइकाच्या पँटला खिसा उलटा लागला. बाईंच्या सुरुवातीच्या चुका खऱ्या होत्या. पुढच्या मुद्दाम, हे एव्हाना तुम्ही ओळखलं असेलच. पेंटरांनी ओळखलं होतं की नाही, देव जाणे.

एका सकाळी त्या मुलीनं एकेक बोट वाकवून बघितलं आणि म्हणाली, "काका, खोटं नाही बोलणार. पाय अजून सुधारेल. हात बहुतेक आहे एवढाच राहील."

"बरं," पेंटर म्हणाले.

दुपारी ते टेबलापाशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. टेलरबाईंनी एक भयंकर वळण काढलं, चक्क काटकोनात, आणि कागद फडफडवला. पेंटर भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "गुंडाळून ठेव तो. तुला कापड बेतायला जागा होत नाही."

पुन्हा ते तसले दिवस? या वेळी बाईंना नाटक जमेना. त्यांनी खडू आपटला.

"गेला तर गेला हात! मी आहे ना दोन हातांची. बटणं लावीन, घास देईन, नखं कापीन, जन्मभर करीन, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही असे भिंतीकडं तोंड करून बसलात तर मी काय करू? माझा माणूस घरात आहे आणि मला त्याची आठवण येते हो!"

आणि बाई रडल्या, तोंडही न झाकता.

पेंटर वळले. "मला वाटलं," ते म्हणाले, "हात परत आला की मग बोलावं तुझ्याशी पहिल्यासारखं. बायको राबतेय, आपण बसून खातोय, आणि वर तिच्याशी भांडायचं? कुठल्या तोंडानं?"

"लग्नापासून ज्या तोंडानं भांडताय, त्याच!" बाई नाक ओढत म्हणाल्या.

पेंटरांनी काठी शोधली. टेबलापाशी यायला त्यांना वेळ लागला, पण बाईंनी आधार दिला नाही. त्यांनी ते काटकोनातलं वळण बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, हे काय काढलंयस? इथं गाडी भिंतीत घुसेल सरळ!"

"मग पुसा!"

"पुसतोच. आणि ही चहाची वाट पुन्हा काढलीस? माणसं मरतील!"

"भुयार करा खालून."

"भुयार कोण खणणार, तुझा भाऊ?"

"माझ्या भावाला मध्ये आणायचं नाही, सांगून ठेवते!"

दारात एक गिऱ्हाईक बाई फ्रॉकचं कापड घेऊन उभी होती. आतला आरडाओरडा ऐकून ती उंबऱ्यातच थबकली. "भांडण चाललंय वाटतं," ती हळूच म्हणाली. "मी नंतर येते."

"छे छे, जाऊ नका, या ना आत!" टेलरबाई डोळे पुसत पुढं धावल्या आणि तिला खुर्ची ओढून दिली. "बसा. ऐका तर खरं, किती मोठ्यानं ओरडतात ते!"