श्रीपत अर्जवाल्याचा सामनेवाला

महाडच्या कचेरीसमोर चिंचेखाली तरट टाकून श्रीपत बसायचा. पुढ्यात पत्र्याची पेटी, पेटीत कोरे ताव आणि निळे कार्बन. माणूस बौद्धवाडीतला, मराठी सातवी पास, पण अक्षर असं की कचेरीतले कारकूनसुद्धा त्याचा अर्ज आधी नुसता बघायचे, मग वाचायचे. बावीस वर्षं हा दुसऱ्यांचे अर्ज लिहीत होता आणि त्या जोरावर इतका भाव खायचा की विचारू नका. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली माणसं पहिल्या एस.टी.ने उतरून सरळ त्याच्याकडे यायची. आलेल्याचं रडगाणं अर्धं ऐकून झालं की श्रीपत टोपण काढायचा आणि विचारायचा, सामनेवाला कोण?

सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो. त्याच्याशिवाय अर्ज म्हणजे नुसती खुशालीची चिठ्ठी, असं श्रीपतचं ठाम मत. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचा येसाजी एकदा आला, वाडीपाशी गाडी थांबावी एवढंच त्याचं मागणं. कुणाविरुद्ध काही नाही, म्हणाला. श्रीपतने ड्रायव्हरलाच सामनेवाला केला. ड्रायव्हर निघाला येसाजीचा सख्खा साडू. गाडी थांबायला लागली, पण साडू वर्षभर येसाजीशी बोलला नाही, आणि येसाजी रोज त्याच गाडीतून तोंड फिरवून प्रवास करायचा.

अशा माणसाच्या घरात त्र्याऐंशी साली अर्जाची वेळ आली. मुलगा अजून शाळेत होता; मुलगी ललिता महाडच्या कॉलेजातून रसायन घेऊन बी.एस्सी. झाली आणि म्हणाली, मला मुंबईला पोषणशास्त्रात एम.एस्सी. करायचंय. कोणी काय खावं, किती खावं, त्याने अंगाला काय मिळतं, याचं शास्त्र. आई मंजुळा भाकरी थापता थापता थांबली. खायला शिकायला दोन वर्षं लागतात हे तिला नवीन होतं. ती म्हणाली, एकदा अर्ज कर, लागला तर लागला. नाय लागला तर तालुक्याच्या शाळेत मास्तरकी धर, परत नाव काढायचं नाय. जागा होत्या सगळ्या बारा.

कॉलेजच्या फॉर्मसोबत एक कोरं पान होतं. हा विषय का घ्यावासा वाटतो ते स्वतःच्या शब्दांत लिहा, मराठीत चालेल. पान बघून श्रीपतच्या अंगात वारं संचारलं. आख्ख्या तालुक्याचे अर्ज आपण लिहायचे आणि पोटच्या पोरीने स्वतः लिहायचा? लोक काय म्हणतील? त्याने नवा ताव काढला, ‘मी खाली सही करणार कुमारी ललिता’ एवढं वळणदार लिहिलं आणि तिथेच अडकला. सामनेवाला सापडेना. रेशन दुकानदार घ्यावा तर तो बिचारा साखर मापात देत होता. मुंबईच्या कॉलेजलाच घ्यावं तर जागा त्यांच्याकडेच मागायची. दोन दिवस हा गडी जेवताना, अंघोळीला जाताना शत्रू शोधत होता.

“बाबा, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मला शिकायचंय,” ललिता शेवटी म्हणाली.

तक्रार नसेल तर बारातली एक जागा तुला का म्हणून देतील, असं तो तणतणला. ललिता हसली आणि परसात बसून तिने पान स्वतःच लिहून काढलं. बाबा रोज पोस्टात जातात म्हणून पाकीट त्यांच्याच हाती दिलं, रजिस्टर करायला. शेवटच्या तारखेला चार दिवस उरले होते. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, आणि आता तुम्हीच सांगा, श्रीपतसारखा माणूस दुसऱ्याने लिहिलेला अर्ज न वाचता पोस्टात टाकेल?

चिंचेखाली बसून त्याने पान उलगडलं. सुरुवातीला लिहिलं होतं की कॉलेजात आरोग्य तपासणी झाली तेव्हा माझ्या अंगात रक्त फार कमी निघालं, वर्गात सगळ्यांपेक्षा कमी. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी काय खातेस? मी म्हणाले, सगळंच. मग मी एका घरातलं जेवण सात दिवस टिपून ठेवलं. खाली तक्ता होता. चार रकाने: वडील, मुलगा, आई, मुलगी. सोमवारी कोंबडीची तीन अंडी, वडील दोन, मुलगा एक. बुधवारी सावित्री नदीतले मासे, वडील आणि मुलगा यांना तुकडे, आईला डोकं, मुलीला कालवण. असं रविवारपर्यंत. शेवटी चार ओळी. ‘या घरात कोणी कोणाला उपाशी ठेवत नाही. सगळे पोटभर जेवतात. वडील मुलीवर जीव टाकतात. तरी तिच्या अंगात रक्त का नाही, हे मला शिकायचं आहे.’

श्रीपत खूष झाला. बावीस वर्षांत इतका बांधीव अर्ज त्याने पाहिला नव्हता. वार आहेत, आकडे आहेत, पुरावा भक्कम आहे. पोरगी आपल्यावर गेली म्हणून त्याची छाती फुगली. आता एवढ्या पुराव्याला सामनेवाला कोण, म्हणून तो परत तक्त्यात शिरला. सोमवारच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: वडिलांची अंडी कडा करपवून. आख्ख्या महाड तालुक्यात कडा करपवून अंडी खाणारा माणूस एकच होता, आणि तो या वेळी चिंचेखाली बसला होता.

त्याने घाईघाईने पानाची घडी घातली. पान काढून टाकावं असं पहिलं मनात आलं. दुसरं लिहावं, झकास अक्षरात, तक्ता नको. कोणाला कळणार? त्याने कोरा ताव पेटीवर ठेवलासुद्धा. तेवढ्यात समोर कधीचा उकिडवा बसलेला शिवथरचा कुशाबा खाकरला. बांधाची तक्रार होती त्याची. सामनेवाला म्हणतो सगळं खोटं हाय, मग आता कसं करायचं, असं तो विचारत होता.

“त्याला जबाब देऊ दे की,” श्रीपत सवयीने बोलून गेला. “सामनेवाला खरा असंल तर पळंल कशाला?”

बोलला आणि आपलंच वाक्य त्याला लागलं. कुशाबाला त्याने उद्या यायला सांगितलं. मग त्या कोऱ्या तावावर, कार्बन न लावता, आयुष्यात पहिल्यांदा सामनेवाल्याच्या बाजूने लिहिलं: ‘सामनेवाल्याचा जबाब. तक्त्यातील वडील तो मीच. वरील मजकूर खरा आहे. अंडी मी खाल्ली. माझे काही म्हणणे नाही. सबब अर्जदारास जागा द्यावी ही विनंती.’ खाली सही केली, पान आणि जबाब दोन्ही पाकिटात घातले आणि पोस्टात गेला. घरी यातलं एक अक्षर बोलला नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मुंबईला बाप लेकीबरोबर गेला आणि बाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसला. लेक आत अर्धा तास होती. मग दार उघडून पांढऱ्या केसांच्या एक बाई बाहेर आल्या, हातात त्याचाच ताव. मागे ललिता उभी होती, डोळे लाल. तिनेही तो ताव आत्ताच पाहिला होता. बाईंनी विचारलं, हे तुम्ही लिहिलंत? कोर्टात नाव पुकारल्यासारखा श्रीपत उठून उभा राहिला.

“मुलगी सांगते, तुम्ही इतक्या लोकांचे अर्ज लिहिता,” बाई म्हणाल्या. “मग मुलीला अंडं का नाही दिलंत?”

बावीस वर्षांत पंचवीस कलेक्टरांना गुंडाळणाऱ्या त्या माणसाने मान खाली घातली. तो म्हणाला, “घरातनं कधी अर्जच आला नाय, बाई. हा पयला.”

बाईंनी ताव घडी घालून फायलीत ठेवला. पंधरा दिवसांनी ललिताला जागा मिळाल्याचं पत्र आलं, बारातली नववी.

वाडीत साखर वाटून झाल्यावर ललिताने आईला सगळं सांगितलं, तक्ता, जबाब, बाकावरचं बोलणं. श्रीपत पेटी पुसण्याचं निमित्त करून तिकडे पाठ करून बसला होता. तक्त्यात आईच्या रकान्यात काय होतं, एवढंच मंजुळाने विचारलं. ललिताने सांगितलं, बुधवारी माशाचं डोकं, आणि बहुतेक दिवशी काहीच नाही. मंजुळाने पदराला हात पुसले आणि येऊन नवऱ्यासमोर बसली, वरच्या वाड्यांतली माणसं बसतात तशी, उकिडवी.

“अवो,” ती म्हणाली, “माझा पण एक लिवा.”

श्रीपतने पेटी उघडली, ताव काढला, पेनाचं टोपण काढलं. वर अर्जदार म्हणून मंजुळाचं नाव लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच, सामनेवाला कोण, हे त्याने विचारलं नाही.