सहा नंबर वॉर्डच्या सिस्टर

"जेब दिखाओ." सकाळी पावणेआठला वॉर्डच्या दारात सिस्टर आम्हा शिकाऊ मुलींना अडवायच्या. छोटी वही, निळं आणि लाल पेन, कात्री, सेकंदकाट्याचं घड्याळ. एखादी वस्तू नसली तरी ओरडायच्या नाहीत. स्वतःच्या खणातून काढून द्यायच्या आणि दोन वाजता आठवणीने परत घ्यायच्या.

नव्वदच्या दशकातली वर्षं होती. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, घर दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सिस्टर मूळच्या अकोल्याच्या. वॉर्डात सगळा कारभार हिंदीत चालायचा, पण मला रागवायच्या ते मराठीत, बाकीच्या मुलींना कळू नये म्हणून.

कोणत्या खाटेवर कधी काय करायचं ते वहीत लिहायचं आणि काम झालं की लाल रेघ मारायची, ही त्यांची शिस्त. "डोक्यावर भरवसा ठेवू नकोस," त्या म्हणायच्या. "डोकं दहा वाजेपर्यंतच टिकतं."

एकदा बस चुकली आणि मी धापा टाकत पोचले. डॉक्टरांच्या राउंडआधी नऊ पेशंटची नाडी लिहायची होती. अकरा नंबरवर आदल्या दिवशी ऑपरेशन झालेले एक म्हातारे सुतार होते. ते झोपलेले दिसले. मी कालचा आकडा पाहिला आणि हात न लावताच ब्याऐंशी लिहून टाकले.

सिस्टरांनी तक्ता पाहिला, मग आजोबांचा चेहरा पाहिला आणि मला बोलावलं. "ये. पूर्ण मिनिट मोज."

एकशे तीस होती. आजोबांचा हात गार पडला होता. पोटात रक्तस्राव होत होता. त्यांना लगेच पुन्हा ऑपरेशनला नेलं. ते वाचले, पण ते कळेपर्यंतचे तीन तास मी कसे काढले ते मलाच ठाऊक.

मग सिस्टरांनी तक्ता माझ्यापुढे ठेवला. जे खरं ते लिही, म्हणाल्या. मी लिहिलं की आठ वाजता नाडी मोजली नव्हती. खाली सही केली. माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःची सही केली.

मेट्रननी त्यांना आत बोलावलं. मी दाराबाहेर उभी होते. सिस्टरांचं एकच वाक्य ऐकू आलं, "लड़की मेरे वॉर्ड की है, जवाब मैं दूँगी।"

बाहेर आल्यावर त्यांनी मला पॅन्ट्रीत नेलं, डबा उघडला आणि पोळी-भाजी माझ्यापुढे सरकवली. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "शिकत असताना मीही असंच केलं होतं. माझा पेशंट वाचला नाही."

पुढे गुडगावात नवी खाजगी हॉस्पिटलं निघाली आणि मी तिकडे नोकरीला लागले. सिस्टर त्याच वॉर्डात राहिल्या. निवृत्त झाल्यावर मयूर विहारचा फ्लॅट विकून त्या अकोल्याला बहिणीकडे निघाल्या. मी निजामुद्दीनला सोडायला गेले. पांढऱ्या साडीशिवाय त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. हिरव्या सुती साडीत त्या एकदम लहानशा वाटल्या.

त्या वारल्याचं त्यांच्या बहिणीचं पत्र दोन वर्षांनी आलं. पण मला आठवतो तो निजामुद्दीनचा फलाट. "जा आता," त्या खिडकीतून म्हणाल्या, "ड्यूटीला उशीर होईल." माझ्या गालाला लावायला त्यांनी गजांतून हात बाहेर काढला, तोवर गाडी हलली होती.