दोनदा जेवणारी वहिनी

आमची वहिनी नाताळच्या दिवशी दुपारी दोनदा जेवायची. दुसऱ्या वेळी नुसतं ताटाशी बसून चार घास चिवडायचे, असलं जेवण नव्हे. दोन्ही घरी तेवढंच, मागून घेऊन, बोटं चाटून. अंगाने अगदी काडी होती. चर्चच्या मंडळीतल्या बायका तिच्याकडे बघून म्हणायच्या, ‘‘हिचं खाल्लेलं जातं तरी कुठे?’’ वहिनी म्हणायची, ‘‘खडकीला.’’

‘आमची वहिनी’ असं लिहिलं खरं, पण तसं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. दादाच्या बायकोला वहिनी म्हणायचं, आणि दादाची बायको आता दुसरी आहे. चांगली आहे ती, फोनवर गोड बोलते. पण वहिनी हा शब्द मनात आला की अजून लवीनाच उभी राहते, केस वर गुंडाळून पेनाने अडकवलेले आणि नजर सरळ समोरच्याच्या डोळ्यांत.

ही नजर तिच्या कामातून आलेली होती. बिबवेवाडीत, आमच्या घराजवळच्याच एका चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. दादा तिथे चष्मा करायला गेला आणि फ्रेम बसत नाही, काच टोचते, अशा तक्रारी घेऊन इतक्यांदा परत गेला, की शेवटी तिनेच विचारलं, ‘‘तुमच्या डोळ्यांत काही दोष राहिलेला नाही. आता खरं काय ते सांगा.’’ दादाच्याने सांगवेना. मग तिनेच सांगितलं. आमच्या आशिषदादाच्या आयुष्यातला तो मोठा निर्णयही असा दुसऱ्याने घेतलेला.

आम्ही मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. तिचे वडील गोव्याचे कॅथलिक, पण सगळी नोकरी खडकीला कारखान्यात फिटर म्हणून झाली आणि निवृत्त होऊन ते तिथेच राहिले. आई नव्हती. इकडे आमचे पप्पाही जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे दोन्ही घरांत एकेक खुर्ची रिकामी. मम्मीने पहिल्या भेटीत दादाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘‘हिला मराठी येतं का नीट?’’ ते वहिनीने ऐकलं. ‘‘येतं की मम्मी,’’ ती म्हणाली. ‘‘चिडले की तर फार छान येतं.’’

ते छान मराठी लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात ऐकायला मिळालं. आम्ही तिघी करंज्या करत बसलो होतो. मम्मी नाताळचा बेत सांगत होती. सकाळी चर्चमधली उपासना, मग मंडळीतली माणसं घरी येणार, जेवण, संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब. वहिनीने करंजीची कड कातता कातता सांगितलं, ‘‘दुपारपर्यंत आम्ही इथे आहोत. जेवून खडकीला जाऊ. डॅडींकडे जेवायला.’’

मम्मीचा हात थांबला. ‘‘पहिला नाताळ आहे. लोक सून बघायला येतील, आणि सून दुपारीच गायब?’’

‘‘दुपारपर्यंत येऊ देत ना. तेवढ्या वेळात बघून होणार नाही एवढी काही मी मोठी नाही.’’

‘‘संध्याकाळी जा वडिलांकडे. नाही कोण म्हणतंय?’’

‘‘मम्मी, डॅडी दुपारचं टेबल मांडतात. माझी मम्मा होती तेव्हापासून मांडतात. इथे तुम्ही आहात, ही स्नेहल आहे, माणसांची ये-जा आहे. तिथे टेबल मांडून एकटा माणूस बसलेला असेल. मला इथे घास गिळायचा नाही.’’

मम्मीने दादाकडे पाहिलं. दादा दारात उभा होता. तो म्हणाला, ‘‘दोघींचंही बरोबर आहे.’’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. वाद असला की तो एवढंच बोलायचा आणि दोघींनाही एकटं पाडून निघून जायचा. मनाने वाईट नव्हता, पण कुणालाही नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

मम्मी त्यानंतर दोन दिवस वहिनीशी कामापुरतंच बोलली. नाताळच्या सकाळी मात्र वहिनी सगळ्यांच्या आधी उठून मटणाला फोडणी देऊन मोकळी झाली होती. उपासनेला गेली, मराठी गायनं येत नसताना पुस्तकात बघून मोठ्याने म्हणाली, घरी आलेल्या प्रत्येक म्हातारीच्या पाया पडली, आणि दुपारी मम्मीने वाढलेलं सगळं जेवली. वर म्हणाली, ‘‘मम्मी, थोडा रस्सा अजून.’’ मम्मीने वाढला, तिच्याकडे न बघता.

त्या दिवशी मीही माझ्या स्कूटरवर त्यांच्यामागून खडकीला गेले. डॅडींनी खरंच टेबल मांडलं होतं. इस्त्री केलेला पांढरा टेबलक्लॉथ, काचेचे ग्लास, बशीत नेवऱ्या. मी एक उचलली आणि म्हटलं, ‘‘ही तर आपली करंजी.’’ डॅडी कमी बोलणारे. ते म्हणाले, ‘‘नेवरी.’’ वहिनी म्हणाली, ‘‘पदार्थ तोच गं, आडनाव वेगळं.’’ मग डॅडींनी सगळं पुन्हा गरम केलं आणि ती बसली. दोन तासांपूर्वी जेवलेली बाई पुन्हा पहिल्यापासून जेवली. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल घेतलं, पाव घेतला, परत घेतलं. डॅडी समोर बसून तिच्या ताटाकडे बघत होते. ते स्वतः किती जेवले आठवत नाही, पण त्यांचा चेहरा आठवतो.

परतीच्या वाटेवर संगम पुलापाशी वहिनीने दादाला स्कूटर थांबवायला लावली. कठड्याला धरून उभी राहिली. चेहरा घामाने भिजलेला. ‘‘पाच मिनिटं थांब रे. पोटात जागा नाही, श्वास कुठे घेऊ कळत नाही.’’

दादा म्हणाला, ‘‘थोडं कमी खायचंस ना.’’

तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. ‘‘कुणाकडे कमी खाऊ? सांग.’’

दादा कठड्यावरून खाली बघायला लागला. खाली नदीचं पाणी हिरवं, जवळजवळ थांबल्यासारखं. मी तेव्हा हसले होते, कारण ती तशी गमतीतच बोलली असं मला वाटलं.

मम्मीचा राग गेला तो चष्म्यामुळे. पुढच्या नाताळाच्या आधी चर्चमध्ये गायनाचा सराव चालू होता. वहिनीने घरी आल्यावर मला विचारलं, ‘‘मम्मी पुस्तक उलटं धरतात हे तुझ्या लक्षात आलंय का?’’ नव्हतं आलं. मम्मीला सगळी गायनं पाठ होती, पुस्तक नुसतं हातात असायचं. दिसत नाही हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पप्पा गेल्यापासून तिला कुणावर भार टाकायचा नसायचा. वहिनीने त्यावर चकार शब्द काढला नाही. एक दिवस म्हणाली, ‘‘मम्मी, दुकानात नवं मशीन आलंय, मला सवय करायचीय. जरा बसता का माझ्यासमोर?’’ मम्मी बसली. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, चष्मा आला. नाताळच्या उपासनेत मम्मी पुस्तकातलं वाचून गायली, आणि मधेच थांबून वहिनीला म्हणाली, ‘‘अगं, इतकी वर्षं मी हा शब्द चुकीचा म्हणत होते.’’

त्या दुपारी जेवणं उरकल्याबरोबर मम्मीच घाई करायला लागली. ‘‘निघा आता. तिकडे टेबल मांडून बसले असतील. आणि हा डबा घे. सांग त्यांना, ही करंजीच आहे, नेवरी नव्हे.’’

त्याच्या पुढच्या वर्षी तर मम्मी स्वतः आली. आम्ही चौघं रिक्षाने आणि स्कूटरवर खडकीला गेलो. मम्मी डुकराचं मटण खात नाही हे डॅडींनी लेकीकडून आधीच काढून घेतलं होतं. तिच्यासाठी कोंबडीची शाकुती केली होती, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने. मम्मी आमच्या मंडळीतल्या रीतीने म्हणाली, ‘‘सलाम, डॅडी.’’ डॅडी गडबडून म्हणाले, ‘‘हॅपी ख्रिसमस.’’ एवढं झाल्यावर दोघांना पुढे काय बोलावं सुचेना. मग बराच वेळ ओल्या आणि सुक्या नारळावर बोलणं झालं. वहिनी टेबलाच्या मधोमध बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. त्या दिवशी ती पहिल्यांदाच एकदाच जेवली. इतकं खूश मी तिला पुढे कधी पाहिलं नाही. आम्हाला वाटलं, आता हे असंच चालायचं.

पण पावसाळ्यात डॅडींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. वहिनी दुकानातून सुटली की खडकी गाठायची आणि उशिरा परतायची. मग काही दिवस तिथेच राहायला लागली. आणि त्याच सुमारास दादाच्या कंपनीने त्याला कॅनडाला पाठवायचं ठरवलं. कायमचं, बायकोसकट. दादा खूप दिवस या संधीची वाट बघत होता. त्याला नाही म्हणता आलं नसतं, आणि नाही म्हण असं कुणी सांगितलंही नाही. आम्हीही नाही आणि वहिनीनेही नाही.

‘‘तू हो पुढे,’’ तिने त्याला सांगितलं. ‘‘डॅडी जरा हिंडते-फिरते झाले की मी येते.’’

डॅडी काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागले, त्यापुढे सुधारले नाहीत. त्यांना तिकडे नेण्यासारखी तब्येत नव्हती, आणि दुसऱ्या कुणावर सोपवून जाण्यासारखी वहिनी नव्हती. दादाने तिकडून विचारलं, येतेस ना? तिने इकडून विचारलं, येतोस ना? दोघांचे आवाज चढल्याचं मी कधी ऐकलं नाही. पुढे पुढे फोनच आखूड होत गेले.

त्या वर्षीच्या नाताळला ती एकटी आली. सकाळी खडकीहून निघून उपासनेला वेळेत हजर. दुपारी आमच्याकडे जेवली, दादाशी आम्ही सगळे मिळून व्हिडिओ कॉलवर बोललो, तिकडे रात्र होती आणि त्याच्या खिडकीबाहेर दिव्याखाली बर्फ दिसत होता. मग तिने डबा घेतला आणि डॅडींना जेवू घालायला गेली. नवरा नसताना बाईने सासर-माहेर वाटून घेतलेला तो नाताळ बघून शेजारची बाई मला म्हणाली, ‘‘गुणाची आहे हो.’’ मला ते ऐकवलं नाही. गुणाची आहे, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं?

घटस्फोटाचं ठरलं तेव्हा दादा फोनवर सांगणार होता. वहिनी म्हणाली, नको, मी जाऊन सांगते. आली, स्वयंपाकघरात मम्मीशेजारी खाली बसली आणि सरळ सांगून टाकलं. मम्मी तिचा हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, ‘‘अगं, काहीतरी मधला मार्ग काढा. तू एवढी हुशार. एवढ्या भांडणातून तू मार्ग काढलास त्या वर्षी.’’

‘‘मम्मी,’’ वहिनी म्हणाली, ‘‘नाताळ अर्धा करता आला हो. कॅनडा कसा अर्धा करू?’’

एवढं बोलून ती रडली. मी तिला रडताना तेव्हाच पाहिलं. मम्मीने तिला जेवायला थांब म्हटलं, पण तिला भूक नव्हती.

कुणाचं चुकलं, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवून पाहिलं आहे. दादाने आयुष्यात एक गोष्ट हट्टाने धरली, ती नोकरी. तिने बापाला धरलं. यातलं कुणी काय सोडायला हवं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. रागावून माणूस मोकळा तरी होतो.

नंतरच्या नाताळला ती आली नाही. यावं असं सांगायला आम्हाला तोंड नव्हतं, आणि यायला तिला निमित्त नव्हतं. फोन केला तिने, सणाच्या शुभेच्छा दिल्या, मम्मीच्या डोळ्यांची चौकशी केली. मी तिला फोनवर वहिनी म्हणायला गेले आणि अडखळले. लवीना म्हणणं जमेना. तेव्हापासून मी तिला कशानेच हाक मारत नाही. ‘‘अगं, ऐक ना,’’ अशी सुरुवात करते. दादाने पुढे तिकडेच लग्न केलं.

मागच्या उन्हाळ्यात डॅडी गेले. वहिनीचा निरोप आला, अगदी दोन ओळींचा. दादाला कळवलं, त्याने तिला फोन केला म्हणे. मम्मी म्हणाली, ‘‘आपण जायचं.’’ गुडघे दुखत असताना ती माझ्याबरोबर खडकीला आली. चर्चमध्ये गोव्याहून आलेले नातेवाईक पुढच्या बाकांवर होते. आम्ही मागे बसलो. आम्ही नक्की कुठल्या बाकावर बसायचं, हा प्रश्नच होता.

दफन झाल्यावर वहिनी लोकांना भेटत चर्चच्या दारात उभी होती. केसांत चांदी दिसायला लागली होती. मम्मीला पाहिल्यावर तिने पुढे येऊन घट्ट मिठी मारली, आणि मम्मीने आपला चष्मा काढून तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्याशेजारी एक वयस्कर बाई उभी होती, डॅडींची कुणी चुलत बहीण असावी. तिने आमच्याकडे बघून मोडक्या मराठीत विचारलं, ‘‘या कोण तुझ्या?’’

वहिनीने आमच्याकडे बघितलं. सासू म्हणता येत नव्हतं. ओळखीच्या म्हणवत नव्हतं. मला वाटलं, आता ही काय म्हणेल, आणि जे म्हणेल ते मम्मीला सहन होईल का?

‘‘या आमच्या बिबवेवाडीच्या,’’ ती म्हणाली.

त्या बाईने मान डोलावली आणि मम्मीचा हात हातात घेतला.

परतताना रिक्षात मम्मी बाहेर बघत बसली होती. उन्हाचा कडाका होता, रस्त्यावर फारशी माणसं नव्हती. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘ ‘आमच्या’ म्हणाली ती,’’ मम्मी म्हणाली. ‘‘ऐकलंस ना तू?’’

‘‘ऐकलं,’’ मी म्हटलं.