गोडी बाव

नावड्याच्या खाली, खाडीला लागून आमचं गाव. आज तिथे इमारती दिसतात, म्हणून सांगतो: ही जमीन आमच्या वाडवडिलांनी खाडीकडून हिसकावून घेतलेली. चिखलाचा बांध घालून खारं पाणी अडवलं आणि आत भात पिकवला. पावसात त्याच शेतांत जिताडे मासे पोसायचे. थंडीत बांधापलीकडे रोहित पक्षी उतरले की सगळा चिखल गुलाबी. शेतांच्या कडेला बाव, म्हणजे विहीर. गोड्या पाण्याची गावाला तेवढी एकच.

उधाणाला बांध फुटला की आम्ही ‘खांड गेली’ म्हणतो. हाळी आली की घरटी एक माणूस हातातला घास टाकून धावायचा. जो येणार नाही त्याच्या घरच्या लग्नाला कोणी जात नसे.

गावातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. सरकारने जमिनी घेतल्याची नोटीस लागली, ती मीच वाचून दाखवली. गाव भडकलं. बैठकीत ठरलं, यापुढे बांधाच्या दुरुस्तीला कोणी हात लावायचा नाही.

भादव्याच्या अवसेला भर दुपारी बाबा ओरडत आले, “खांड गेलीऽ! चला रं!”

देवळाच्या ओट्यावर पत्ते चालू होते. एकजण मान वर न करता म्हणाला, “बस रं काका. बांद आता सरकारचा हाय. बुडूं दे त्यांचीच जमीन.”

“आन बाव रं? ती कोनाची हाय?”

“बाव कुटं पलून जाते? काय रं बीए, सांग की बापाला!”

सगळे हसले.

आम्ही दोघेच गेलो. बैलगाडी जाईल एवढी खांड. आम्ही ढेकळं टाकत होतो, पाणी ती घेऊन जात होतं. मागे वळून पाहिलं तर लोक काठावर येऊन उभे होते. उतरलं कोणीच नाही. पाणी आवाज न करता भातात पसरत होतं.

मग रोज सकाळी बायका बावीचं पाणी आधी चाखायच्या, मग हंडा भरायच्या.

दिवाळीनंतर रोहित आले ते बांधाच्या आत, आमच्या शेतात उतरले. बघायला मुंबईहून माणसं आली, फोटो काढून गेली. ओट्यावरचे पत्ते मात्र त्या दिवशी बंद होते. पक्षी चरत चरत पार बावीपर्यंत आले होते.

दुसऱ्या दिवशी आईने हंडा उतरवला, ओंजळभर प्यायली आणि चुलीपाशी बसलेल्या माझ्या बहिणीला म्हणाली, “आज डालीत मीठ नको टाकू.”