वहिनींचा मुलूख

पदराचं टोक कमरेला खोचायचं, दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायचे आणि म्हणायचं, “बघू तं खरं!” शेजारच्या वहिनींनी एवढं केलं, की समोरच्या कामाची काही धडगत नसायची.

एकदा चाळीच्या मोरीत धामण शिरली. पुरुष मंडळी काठ्या घेऊन दारात उभी, आणि आत कुणी जायचं यावर चर्चा चाललेली. वहिनी कामावरून आल्या, हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि आत जाऊन धामणीला शेपटीला धरून बाहेर घेऊन आल्या. मागच्या माळावर तिला सोडलं आणि म्हणाल्या, “उंदीर खाती बिचारी. तिला कशाला मारायचं?” मग हात धुऊन त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा केला. काठ्या घेऊन उभ्या असलेल्यांनाही.

हे सत्तरच्या दशकातलं सांगते आहे. मी नुकतीच लग्न होऊन भिवंडीत आले होते आणि एका शाळेत शिकवत होते. म्हणून वहिनी मला ‘बाई’ म्हणायच्या. त्यांची आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून. त्या अंबाडीकडच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. भिवंडीत मावशीकडे राहून लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायला, जायच्या. तिथला जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा माणूस, पार गढवालच्या डोंगरातला. उंच, गोरा आणि अगदी कमी बोलणारा. दोघांनी लग्नाचं कधी आणि कसं ठरवलं, कुणाला कळलं नाही. कारखान्याच्या खटखटाटात त्यांचं बोलणं कुणाच्या कानावर गेलं नसावं.

त्या खटखटाटामुळेच वहिनींना हळू बोलणं ठाऊक नव्हतं. त्यांची गुपितंसुद्धा चार खोल्यांना ऐकू जायची. मी पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं मला असंच कळलं.

मे महिना आला की कारखान्यातले निम्मे लोक मुलुखाला जायचे. ट्रंका बांधायचे, लेकरांना नवे कपडे घ्यायचे. भाऊजी मात्र, म्हणजे वहिनींचे यजमान, कधीच जायचे नाहीत. गावी म्हातारी आई होती. तिची खुशाली विचारली, की ते “ठीक है” म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. वहिनींनी सासूचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

एका हिवाळ्यात आम्ही चौघं अकलोलीला गेलो. गरम पाण्याच्या कुंडात आंघोळी झाल्या आणि मग तानसा नदीवर गेलो. वहिनी तानसेच्या पाण्यात वाढलेल्या. त्यांनी काष्टा मारला आणि थेट उडी घेतली. आम्ही काठावर बसलो. भाऊजी मात्र लांब, एका झाडाला हात लावून उभे. पायांत बूट तसेच.

“अवो, या ना! गुडघाभर तर पानी हाय,” वहिनी हाका मारत होत्या. शेवटी त्या बाहेर आल्या आणि हसत हसत त्यांचा हात धरून ओढायला लागल्या. भाऊजींनी हात असा काही हिसडला, की वहिनी दगडावर पडल्या. कोपर फुटलं. आम्ही धावलो. वहिनींना उठवतो आहोत, तोवर मागे पाहिलं, तर भाऊजीच खाली बसून ओंजळीत तोंड घालून रडत होते.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. गावाच्या अलीकडे नदी आहे. तिच्यावर देवदाराचे दोन ओंडके टाकलेले, तोच पूल. धाकट्या भावाचा हात धरून ते बाजारातून परत येत होते. पाऊस झालेला, ओंडके निसरडे. भावाचा पाय सरकला. हात हातात होता आणि मग नव्हता. ते एकटेच घरी पोचले. आई दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, “अकेला आया?”

“बस, यही पूछा,” भाऊजी म्हणाले. पुढे काही दिवसांत त्यांनी गाव सोडलं, ते परत म्हणून गेले नाहीत. आई काही म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं. त्या दोन शब्दांखाली ते इतकी वर्षं दबून राहिले होते.

रात्री जेवणं झाल्यावर भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, “येत्या मे महिन्यात मुलुखाला जायाचं.”

“छुट्टी नहीं मिलेगी.”

“निम्मा कारखाना जातो. तुमालाच कशी सुट्टी न्हाय?”

पुढचे काही महिने हा संवाद चाळीला पाठ झाला. शेवटी एका दुपारी तांग्यात ट्रंक चढली. वहिनींनी नवं लुगडं नेसलेलं, आणि भाऊजींचा चेहरा दवाखान्यात निघालेल्या माणसासारखा.

जूनमध्ये दोघं परत आले, तेव्हा वहिनी काळ्या पडल्या होत्या आणि भाऊजी चक्क शीळ घालत होते. संध्याकाळी आम्ही सगळे ओट्यावर जमलो. ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आजही त्यांच्याच शब्दांत सांगता येईल.

“आपली तानसा उन्हाळ्यात झोपलेली असती ना बाई, तिकडची नदी उन्हाळ्यात जागी असती. वरचा बर्फ वितळतो. सकाळी पानी कमी, दुपारी निस्ता धिंगाना. आमी पोचलो दुपारी. हे नदीकडं पाठ करून दगडावर बसले. मी म्हनलं चला. ह्यांनी मान हलवली. पलीकडं घर दिसत व्हतं, चुलीचा धूर दिसत व्हता. मंग मी काय करनार? चपला काढल्या आन् निघाली.”

“एकट्या?” मी विचारलं.

“मंग? मधे गेल्यावर चुकून खाली बघितलं. वज्रेश्वरीला हाक मारली. पन एवढ्या लांबून तिला ऐकू जातंय का न्हाय कुनाला ठाव, म्हनून परत जोरात मारली.”

पलीकडे अंगणात एक म्हातारी गवत कापत होती. समोर एक अनोळखी, काष्टा मारलेली, घामाघूम बाई येऊन हसत उभी राहिली. वहिनींना हिंदी येत होतं ते कारखान्यातलं. त्या म्हणाल्या, “मैं आपकी सून.”

म्हातारीला वाटलं, ही आपल्याला ‘सुन’ म्हणते आहे, म्हणजे ऐक. तिने विळा थांबवला आणि म्हणाली, “हाँ, बोल.”

“मैं सून हाय.”

“अरे सुन तो रही हूँ, बोल ना!”

ओट्यावर हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. मग वहिनींचा आवाज उतरायचा. “मंग मी ह्यांचं नाव घेतलं. लग्नातल्या उखान्यानंतर पैल्यांदाच. म्हातारीच्या हातातला विळा खाली पडला. माज्याकडं बघत ऱ्हायली. मंग इचारलं, अकेली आई? मी म्हनलं, न्हाय, दोघं आलोय. वो उधर बैठा हाय.”

म्हातारी अनवाणी उतरत नदीपर्यंत आली आणि ओंडक्यांच्या त्या टोकाला उभी राहिली. पलीकडे मुलगा पाठमोरा. तिने हाक मारली, “ऐजा, बेटा, ऐजा.” त्यांच्या बोलीत ‘ये’ म्हणायचं असं. पाण्याच्या आवाजात ती हाक त्यांना कशी ऐकू गेली, देव जाणे. ते उठले. पुलाच्या तोंडाशी आले आणि पुन्हा थबकले. मग खाली बसले आणि ओंडक्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून, बसल्या बसल्या सरकत, डोळे आईवर ठेवून नदी ओलांडून आले.

“लहान पोरं सरकत्यात ना, तसे,” वहिनी म्हणायच्या. “पाटलोन मागून पार फाटली.”

भाऊजी यावर रागावायचे नाहीत. एकदा, त्या पहिल्या संध्याकाळीच, ते आपणहून बोलले. आईने आधी त्यांचं डोकं चाचपलं, मग हात. घरात नेऊन रोटी वाढली. जेवताना त्यांनी विचारलं, त्या दिवशी तू मला असं का विचारलंस? तिला आठवायलाही वेळ लागला. मग ती म्हणाली, “दोनों की रोटी रखी थी, बेटा. इसलिए पूछा.”

मागे लूम चालूच होते.

त्यानंतर दर मे महिन्यात दोघं जायचे आणि दर जूनमध्ये आम्हाला नव्या गोष्टी मिळायच्या. वहिनींना घरात बसवायचं नाहीच. भाऊजींना घेऊन त्या डोंगरच्या डोंगर पालथे घालायच्या. काफळ नावाची आंबटगोड फळं काढायला झाडावर चढायच्या, खाली भाऊजी टोपली धरून उभे. एकदा मेंढपाळांच्या मागून दोघं पार वरच्या कुरणापर्यंत गेले. तिथे वहिनींनी पहिल्यांदा बर्फ हाताळला. सासूला दाखवायचा म्हणून पदरात बांधून घेतला आणि धावत खाली आल्या. घरी पोचल्यावर पदर सोडला, तर नुसतं ओलं लुगडं. “म्हातारी काय म्हनाली ठाव हाय? म्हनली, ब्वारी, मी जल्मभर हेच पानी पिते!” ब्वारी म्हणजे सून. हा शब्द मात्र दोघींनी पहिल्याच दिवशी पक्का करून घेतला होता.

एका पहाटे शेताच्या बांधावर घोंगडी पांघरून कुणीतरी म्हातारा बसलेला त्यांना दिसला. वहिनींनी अदबीने ‘राम राम’ केला. म्हातारा चार पायांवर निघून गेला. अस्वल होतं.

“इतना बड़ा नहीं था,” भाऊजी हळूच म्हणायचे.

“तुमी लांब पळाला व्हता, म्हनून बारकं दिसलं.”

एका वर्षी मात्र त्या परत आल्या, त्या भुवया जळालेल्या घेऊन. चीड नावाच्या झाडांच्या जंगलात वणवा लागला होता. खाली पडलेल्या वाळक्या काड्यांवरून आग गावाच्या अंगावर येत होती. सगळं गाव ओल्या फांद्या घेऊन धावलं, तशा त्याही. धुरात भाऊजींचा आणि त्यांचा हात सुटला. त्यांनी मला सांगितलं, की त्या धुरात त्यांना आगीची भीती वाटली नाही. भीती वाटली ती ह्याची, की हा माणूस आता पुन्हा एकटा घरी गेला, तर त्याचं काय होईल. “म्हनून मी बोंबलत ऱ्हायले बाई. लूमवर बोलतो ना, तशी. मी हाय, मी हाय, म्हनून.” त्या आवाजाच्या मागावर भाऊजी आले. ही एकच गोष्ट त्यांनी मला मोरीशी भांडी घासताना, आवाज खाली आणून सांगितली. त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

दशक सरत आलं, तेव्हाच्या एका जूनमध्ये शेजारचं कुलूप निघालं नाही. जुलै गेला, गणपती झाले. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी भाऊजी दारात उभे. बरोबर कुणी नाही. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“नहीं, नहीं, भाभीजी,” माझा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, “वो ठीक है. बिलकुल ठीक है.”

आई पडली होती. कमरेचं हाड मोडलं होतं, आता ती उठणार नव्हती. सुनेचा हात सोडत नव्हती. भाऊजींनी सुचवलं, की मी थांबतो, तू भिवंडीला जाऊन ये. तर वहिनींनी त्यांनाच खोली सोडायला धाडलं होतं. तिकडे आता वहिनी गावातल्या पोरींना डोहावर नेऊन पोहायला शिकवत होत्या, पूल ओलांडताना कुणाचा हात धरायची वेळ येऊ नये म्हणून. भाऊजी सांगत होते आणि मी ऐकत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सामान फार नव्हतंच. तिसऱ्या दिवशी मी आणि भाऊजींनी मिळून ते बांधलं. सगळं तांग्यात चढल्यावर ते पुन्हा आत गेले आणि कापडाची एक जड पिशवी घेऊन आले. आदल्या दिवशी अंबाडीकडे सासुरवाडीला जाऊन आणलेली. आत नव्या हंगामाचं भाताचं बियाणं होतं.

“उसने मंगवाया है,” ते म्हणाले. “एक खेत खाली करके बैठी है.”

“त्या थंडीत उगवेल का हो?” मी विचारलं.

त्यांनी खांदे उडवले आणि हसले. ती पिशवी त्यांनी सामानात ठेवली नाही. मांडीवर घेतली, तोंडाशी बांधलेली दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि तांगेवाल्याला निघायला सांगितलं. नाक्यावर तांगा वळला, तेव्हा त्यांचे दोन्ही हात पिशवीवरच होते.

नंतर त्यांची भेट नाही. भात उगवलं की नाही, ते मला कळलं नाही.