घंगाळातला एक मार्क

प्रवेश परीक्षेत स्वतःच्या मुलीचा एक मार्क कापून घेण्यासाठी रीतसर फी भरून अर्ज करणारा बाप बहुधा मी एकटाच असेन. दुसरा कोणी असेल तर त्याने कुंडलला येऊन मला जरूर भेटावं. आम्ही दोघं मिळून थोडं रडू. चहा माझी बायको सुवर्णा देईल, पण तो येईपर्यंत तिचं बोलणं ऐकून घ्यावं लागेल. मी रोजच ऐकतो.

मी जवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. गावात मला 'अर्ध्या मार्काचा मास्तर' म्हणतात. पेपर तपासताना एखाद्या पोराचा अर्धा मार्क बेरजेत राहून गेला, तर मी त्याच्या घरी जाऊन तो देऊन येतो. आणि चुकून जास्त पडला असेल, तर घरी जाऊन काढूनही आणतो. (या दुसऱ्या प्रकारच्या भेटीत चहा मिळत नाही.)

ऋतुजा ही माझी मुलगी. गेल्या वर्षी बारावीनंतर तिनं इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा दिली. तिला सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला जायचं होतं. तिच्या आईलाही तिला सांगलीलाच धाडायचं होतं, कारण सुवर्णाची बहीण तिथं राहते. या मावशीचा उत्साह तर असा, की परीक्षा व्हायच्या आधीच तिनं एक खोली रिकामी करून ऋतुजाच्या आवडीचे जांभळे पडदे लावून टाकले होते.

त्याच केंद्रावर, त्याच पाळीत ओंकारही परीक्षेला होता. ओंकार हा माझ्या चुलत भावाचा, तानाजीचा मुलगा. तानाजी म्हणजे आमची भावकी. भावकी म्हणजे काय ते आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, की आमच्या आणि त्याच्या उसामध्ये एक बांध आहे आणि तो दर नांगरटीला थोडा सरकतो. कोणाच्या बाजूला सरकतो, यावर आमच्या वडिलांच्या काळापासून चर्चा चालू आहे.

परीक्षेनंतर उत्तरतालिका आली. तिच्यातलं एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर प्रश्नामागे फी भरून हरकत घ्यायची, आणि हरकत खरी निघाली तर सगळ्यांचेच मार्क नव्यानं मोजायचे, अशी सोय होती. माझ्यासारख्या माणसासाठी अशी सोय ठेवणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देण्यातलाच प्रकार. मी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं आणि परीक्षा घेणाऱ्यांचाच पेपर तपासायला बसलो. आणि सापडलं की हो! प्रश्न असा होता: तळ्यात होडी आहे, होडीत दगड आहे. दगड उचलून तळ्यात टाकला, तर तळ्याच्या पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? बरोबर उत्तर आहे, कमी होईल. उत्तरतालिकेत होतं, तेवढीच राहील!

मी आनंदानं ओरडलोच. ऋतुजा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "पप्पा, जाऊ द्या ना."

मला तो तिचा विनय वाटला. तिनं काय उत्तर दिलंय ते तिच्या लॉगिनमध्ये दिसत होतं, पण मी बघितलं नाही. विज्ञानाच्या मास्तरची पोरगी ती! तिचं बरोबरच असणार, यात बघायचं काय?

सुवर्णाला मात्र मुळात चूकच पटेना. दगड तळ्यातच राहिला ना, मग पाणी कशाला हलंल, असं तिचं म्हणणं. मी तिला समजावलं, की होडीत असताना दगड आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारतो आणि तळाशी गेल्यावर फक्त आपल्या आकाराएवढं. ती म्हणाली, दगड एकच आहे ना? तेवढ्यात तानाजी बांधाचं काहीतरी बोलायला आला होता, तोही ऐकत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मास्तर, दाखवल्याबिगार पटायचं न्हाई बगा."

झालं! मास्तरला कोणी 'दाखवा' म्हटलं की तो बायकोच्या वस्तूंकडे बघायला लागतो. सुवर्णाच्या रुखवतात आलेलं तांब्याचं घंगाळ मी न विचारता अंगणात आणलं. घंगाळ हे तळं, त्यात तरंगणारं पातेलं ही होडी. दगड टाकला तर घंगाळाला पोचा पडेल, म्हणून दगडाऐवजी मी गुळाची छोटी ढेप घेतली. (हा निर्णय माझा एकट्याचा होता. त्याचं श्रेय कोणाला देता येत नाही.) पाण्याच्या पातळीवर कुंकवाची रेघ ओढली. तोवर शेजारपाजारची मंडळी जमली होती. मी ढेप उचलून पाण्यात सोडली आणि लोक वाकून बघू लागताच, आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणून सुरुवात केली. पार्श्वभूमी नेहमीप्रमाणे लांबली. संपवून बघतो तर ढेप अर्धी विरघळलेली, रेघ वाहून गेलेली आणि तळं तांबूस झालेलं. तानाजीनं बोट बुडवून चाखलं आणि सरबत ब्येस झाल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या खेपेला वरवंटा घेतला. तो मी जरा उंचावरून टाकला. पाणी माझ्या अंगावर, घंगाळाला पोचा, आणि सुवर्णा अंगणात! तिसऱ्या खेपेला मी ओला शर्ट काढून ठेवला, नुसत्या बनियनवर उकिडवा बसलो, खडूची रेघ मारली आणि वरवंटा दोन्ही हातांनी हळूच तळाशी सोडला. पाणी चक्क बोटभर उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओंकारनं सगळं मोबाइलवर घेतलं, मागून आलेल्या "आवं, माझं घंगाळ!" या सुवर्णाच्या आवाजासकट.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कडेगावपासून जतपर्यंत पोचला. जतच्या एका मास्तर मित्रानं लिहिलं, आमच्याकडं पाणी टँकरनं येतं, आणि तू आहे ते कमी करून दाखवतोयस व्हय? पण बाकी सगळीकडून नुसते अंगठे आणि नमस्कार येत होते. मी देवळाच्या पारावर गेलो आणि कोणी विचारलं नसताना भाषण केलं. उद्या शेवटची तारीख आहे, हरकत मी घेणार, माझ्या ऋतुजाच्या लॉगिनमधून, फी माझी, फायदा सगळ्या पोरांचा, न्याय म्हणजे न्याय! एका म्हाताऱ्यानं तर माझ्या पाठीवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी जेवताना ऋतुजा म्हणाली, "पप्पा, रागावणार नसाल तर सांगते. मी 'तेवढीच राहील' दिलंय."

घास माझ्या हातातच राहिला. का गं, असं मी विचारलं. दगड तळ्यातच राहतो, मग पाणी कशाला हलेल असं वाटलं, असं ती म्हणाली. सुवर्णाच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी लग्नातही बघितला नव्हता.

"बघा, आमचं दोघींचं बरोबर हाय," ती म्हणाली. "छापून आलंय तसं."

"आणि ओंकारनं काय दिलंय?" मी विचारलं.

"'कमी होईल.' डोळे मिटून बोट ठेवलं म्हणाला."

आता हिशोब सरळ होता. हरकत मान्य झाली तर ऋतुजाचा एक मार्क जाणार आणि ओंकारला एक मिळणार. सांगलीच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरला एकेका मार्कावर पोरं अडकतात. सुवर्णानं निकाल देऊन टाकला: अर्जबिर्ज काही नाही, गप जेवा. खरं सांगतो, त्या घडीला मलाही न्याय वगैरे काही नको होतं. मला माझ्या पोरीचा मार्क हवा होता. ताट सरकवायच्या आत मी उत्तरतालिका बरोबर असल्याचे शास्त्रीय पुरावे शोधू लागलो.

"समजा, दगड हलका असेल, पोकळ असेल, आणि तोच पाण्यावर तरंगत असेल, तर?" मी म्हणालो. "मग पातळी तेवढीच राहते."

"वरवंटा तरंगला का, पप्पा?"

मी म्हणालो, वरवंट्याची गोष्ट वेगळी आहे. त्यावर तिनं ताटावरून मान वर केली.

"तुम्ही लोकांच्या घरी जाऊन मार्क काढून आणता," ती म्हणाली. "आता आपल्याच घरात एक आलाय, तर तुम्ही त्याला जेवायला वाढताय."

मला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि एवढा अभिमानही वाटला नव्हता. दोन्ही एकदम आल्यामुळं मला ठसका लागला. सुवर्णानं पाणी दिलं, पण ग्लास जरा जोरातच ठेवला. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल वाजली. पुरावे स्कॅन करून जोडायचे होते, म्हणून मला बाजारातल्या इंटरनेट सेंटरवर न्यायला तानाजी जातीनं आला होता. आयुष्यात पहिल्यांदा भावकी माझ्या दारात वेळेवर आली होती.

वाटेत मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत होतो. सेंटर बंद असू दे म्हटलं, तर ते सताड उघडं. लाइट जाऊ दे म्हटलं, तर आमच्या गावची लाइट, जी शिंकलं तरी जाते, ती खांबाला चिकटून बसलेली. सर्व्हर तरी झोपला असेल म्हटलं, तर निकालाच्या दिवशी हमखास आडवा होणारा तो सर्व्हर असा काही पळत होता की विचारू नका. ओटीपी तर मागायच्या आधीच आल्यासारखा आला.

"मास्तर, चष्मा किती येळा पुसताय?" तानाजी म्हणाला.

"वय झालं."

फी मी देतो, माझ्या पोराचा फायदा हाय, असा तानाजीनं लय आग्रह केला. मी ऐकलं नाही. स्वतःचं नुकसान करून घ्यायचंच, तर ते भावकीच्या पैशानं कशाला? मी डोळे मिटून बटण दाबलं. (ओंकारनंही डोळेच मिटले होते, पण त्याला ते फळलं.)

हरकत मान्य झाली. उत्तरतालिका बदलली. तानाजी पेढे घेऊन आला आणि चौकात फ्लेक्सही लागला. त्यावर 'न्यायप्रेमी मास्तर' म्हणून माझा फोटो होता आणि शुभेच्छुक म्हणून तानाजीचा, माझ्या दुप्पट. प्रवेशाच्या फेऱ्यांत ओंकारला सांगलीचं ते कॉलेज मिळालं. ऋतुजाचं जरासं हुकलं. तिला कॉम्प्युटरच मिळालं, पण साताऱ्याला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. एक दिवस तानाजी पुन्हा आला, सुवर्णासमोर बसला आणि म्हणाला, "वैनी, ओंकारच्या राहायची पंचाईत हाय. तुमची भन सांगलीलाच असती न्हवं?"

सुवर्णानं माझ्याकडे जे बघितलं, त्याचं वर्णन मी करणार नाही. मग तिनं तानाजीला सगळं सांगितलं. एक मार्क कोणाचा गेला, अर्ज कोणाच्या लॉगिनमधून गेला, सगळं. तानाजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ऋतुजानंच आतून येऊन मावशीला फोन लावला आणि खोली ओंकारला देऊन टाकली. आज तो त्या जांभळ्या पडद्यांत झोपतो. आणि पुढच्या नांगरटीला तानाजीनं स्वतःच्या हातानं बांध वीतभर आपल्या बाजूला मागं घेतला. म्हणजे तो इतकी वर्षं आमच्या रानात सरकत होता हेही सिद्ध झालं, पण त्यावर मी हरकत घेतलेली नाही.

ऋतुजा साताऱ्यात मजेत आहे. मैत्रिणी झाल्यात, सुट्टीला येताना कंदी पेढे आणते, आणि सांगलीचं नावही काढत नाही. मला मात्र रात्री अंथरुणावर तो मार्क आठवायचा. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. फिजिक्सच्या पहिल्याच तासाला सरांनी मोठ्या पडद्यावर एक व्हिडिओ लावला होता: बनियनवर उकिडवा बसलेला एक माणूस, समोर पोचा पडलेलं घंगाळ, हातात वरवंटा आणि मागून एका बाईचा आरडाओरडा. अख्खा वर्ग हसला म्हणे. मग सर म्हणाले, हसू नका, या माणसानं चुकलेली उत्तरतालिका बदलायला लावली, असा माणूस बघायला मिळत नाही.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि सुवर्णाला हाक मारली. तिनंही ऐकावं म्हणून.

"मग सरांनी विचारलं, कुंडलचं कोणी आहे का वर्गात," ऋतुजा सांगत होती. "मला हात वर करावाच लागला. म्हणाले, मग या मास्तरांना ओळखत असशील."

मी नकळत शर्टाची कॉलर नीट केली. "मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या भावकीतले आहेत."